ओटावातील पहिला हिवाळा : गाडी सुरू होण्याइतकेच थांबणेही महत्त्वाचे

नमस्कार. नाशिकहून ओटावाला आल्यावर आपला हा पहिलाच हिवाळा आहे, आपण एक जुनी कोरोला घेतली आहे, तिला ऑल-सीझन टायर आहेत आणि नोकरीसाठी रोज पूल ओलांडून शेजारच्या क्वेबेक प्रांतातील गॅटिनोला जावे लागते, असे आपण लिहिले आहे. आपले बहुतेक प्रश्न गाडी सकाळी सुरू होईल की नाही यासंबंधी आहेत. ही काळजी रास्त आहे. परंतु सुरू न झालेल्या गाडीने फार तर एक दिवसाचे काम खोळंबते, आणि बर्फावर वेळेत न थांबलेल्या गाडीने काय होऊ शकते ते वेगळे सांगायला नको. म्हणून मी उत्तराचा क्रम बदलून आधी थांबण्याविषयी, नंतर समोरचे दिसण्याविषयी आणि शेवटी सुरू होण्याविषयी लिहितो.

ऑल-सीझन टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसखाली कडक होऊ लागते आणि त्याची रस्त्यावरची पकड कमी होते, मग रस्त्यावर बर्फ असो वा नसो. हिवाळी टायरचे रबर कडाक्याच्या थंडीतही मऊ राहते, आणि त्याच्या नक्षीवरील बारीक चिरा बर्फाला धरून ठेवतात. टायर घेताना त्याच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह आहे का ते पाहावे. नुसते ‘एम+एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेले असेल तर त्यावर विसंबू नये. क्वेबेकमध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर सक्तीचे आहेत. आपली गाडी ओटावा ज्या प्रांतात आहे त्या ओंटारियोत नोंदलेली असल्याने पूल ओलांडला म्हणून आपणांस हा नियम लागू होत नाही, पण पुलापलीकडचा बर्फ नोंदणी पाहत नाही. ओंटारियोत सक्ती नसली तरी हिवाळी टायर बसवणाऱ्यांना विमा कंपन्यांनी सवलत देणे २०१६ पासून बंधनकारक आहे, तेव्हा आपल्या विमा प्रतिनिधीला पावती अवश्य पाठवावी.

टायर चारही बदलावेत. खर्च वाचवण्यासाठी पुढचे दोनच बदलण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये, कारण पुढची चाके पकड घेतात, मागची घसरतात आणि वळणावर गाडी स्वतःभोवती फिरते. वापरलेले टायर स्वस्तात मिळतात, पण ते गोटा झालेले नाहीत ना एवढेच पाहून भागत नाही. नक्षीची खोली ४ मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर ते बर्फासाठी कामाचे राहिलेले नसतात. बाजूवरील चार आकड्यांत टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष असते. ‘३५२२’ म्हणजे २०२२ सालचा ३५वा आठवडा. शक्य असल्यास हिवाळी टायरसाठी साध्या लोखंडी रिम वेगळ्या घ्याव्यात. दर वर्षी टायर रिमवरून काढण्या-चढवण्याची मजुरी त्यामुळे वाचते आणि काही हंगामांत रिमचे पैसे वसूल होतात. चाके बदलल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यायला विसरू नये.

हवेचे गणित आपल्याकडे फारसे जाणवत नाही, इथे मात्र ते सतत करावे लागते. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरले की टायरमधील हवा एक पौंडाने कमी होते. ऑक्टोबरात २० अंशांना भरलेली ३३ पौंड हवा जानेवारीतील उणे २० अंशांच्या पहाटे सव्वीसच्या आसपास आलेली असते. डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागला की लोक पंक्चर शोधत बसतात. बहुतेक वेळा केवळ थंडी पडलेली असते. हवा महिन्यातून एकदा, गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असतानाच तपासावी. (चारही चाकांना ताकद देणाऱ्या मोठ्या गाडीचा मोह आपणांस लवकरच होईल. ती यंत्रणा गाडी जागेवरून हलवायला उत्तम आहे, थांबवायला तिचा काहीही उपयोग नाही.)

आता दिसण्याविषयी. वॉशरच्या टाकीत पाणी किंवा उन्हाळी द्रव असेल तर तो फवारून संपवावा आणि उणे ४० अंशांपर्यंत न गोठणारा द्रव भरावा. रस्त्यावरचे मीठमिश्रित पाणी पुढच्या ट्रकच्या चाकांतून उडून काचेवर वाळते, आणि फवारा चालला नाही तर महामार्गावर काही क्षणांत काच पांढरी होते. या द्रवाची एक भरलेली बाटली डिकीत असावी, मात्र तो विषारी असल्याने मुलांच्या हाती लागू देऊ नये.

धूळ आणि धूर टाळण्यासाठी गाडीतील हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण कायम दाबून ठेवण्याची सवय आपल्यापैकी बहुतेकांना असते. इथे तीच सवय काचा धुरकट करते, कारण श्वासातील आणि बुटांवरच्या वितळलेल्या बर्फातील ओलावा बाहेर जात नाही. ते बटण बंद ठेवावे, गरम हवा काचेवर सोडावी आणि जोडीला एसी चालू करावा. एसी हवेतील ओलावा शोषतो, म्हणून हिवाळ्यातही तो उपयोगी आहे. काचेवरचा बर्फ काढायला गरम पाणी कधीही ओतू नये, काच तडकते. टपावरचा बर्फही झाडावा. नाहीतर पहिल्याच ब्रेकला त्याची लादी घसरून आपल्याच पुढच्या काचेवर येते, किंवा वेगात असताना मागच्या गाडीवर जाऊन आदळते. जुन्या गाड्यांत दिवसा आपोआप लागणारे दिवे फक्त पुढचे असतात, त्यामुळे हिमवर्षावात हेडलाइट हाताने लावावेत, म्हणजे मागचे लाल दिवेही लागतात.

सुरू होण्याचा प्रश्न मुख्यतः बॅटरीचा आहे. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. बॅटरीवर लिहिलेली ‘कोल्ड क्रँकिंग’ (थंडीत इंजिन फिरवण्याची) क्षमता उणे १८ अंशांना मोजलेली असते. आपली बॅटरी चार-पाच वर्षांची असेल तर नोव्हेंबरातच गॅरेजमध्ये तिची चाचणी करून घ्यावी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे. पूर्ण उतरलेली बॅटरी गोठू शकते, आणि गोठलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीवरून केबल लावणे धोक्याचे आहे.

कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे असले की मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. जास्त सुरक्षितता म्हणून निव्वळ कूलंट भरू नये, कारण ते शुद्ध रूपात उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते. ऑइल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचेच घालावे. इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर विनिपेग किंवा एडमंटनसारख्या आणखी थंड शहरांत जवळजवळ आवश्यक ठरतो. ओटावात तो असला तर चांगले, नसला तर अडत नाही.

इंजिन किती वेळ चालू ठेवावे, या आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की एखादा मिनिट पुरेसा आहे. त्यानंतर पहिली काही मिनिटे हळू चालवावी, म्हणजे इंजिन उभ्यापेक्षा लवकर तापते. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये, आणि गाडी बर्फात रुतलेली असेल तर आधी सायलेन्सरचे तोंड मोकळे करावे. तुंबलेला धूर आत शिरला तर त्यातील कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही.

मीठ गाडीचा पत्रा खालून खाते. तापमान शून्याच्या वर गेले की खालची बाजू धुणाऱ्या केंद्रात गाडी न्यावी, आणि दर वर्षी शरद ऋतूत खालच्या भागावर गंजरोधक तेलाचा फवारा मारून घ्यावा. धुतल्यावर दारांच्या रबरी पट्ट्या पुसून त्यांवर सिलिकॉन लावावे, म्हणजे दार गोठून अडकत नाही. गाडी धुतलेल्या रात्री सपाट जागा असेल तर हँडब्रेक न ओढता गाडी ‘पी’ (पार्किंग) गिअरमध्ये ठेवावी, कारण ओला हँडब्रेक गोठून चाके जाम होतात.

टायर बदलण्याची वेळ मात्र याच आठवड्यात ठरवावी, कारण पहिला बर्फ पडला की सगळ्या गॅरेजांपुढे रांगा लागतात. एप्रिलमध्ये तापमान सलग ७ अंशांच्या वर राहू लागले की हिवाळी टायर काढावेत. मऊ रबर उन्हात झपाट्याने झिजते. काढताना प्रत्येकावर कोणत्या बाजूचा ते खडूने लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षी पुढचे मागे आणि मागचे पुढे लावून चारही सारखे झिजवता येतील.