ॲक्युपंक्चर घेतलं तर यूरिक ॲसिडची गोळी बंद करता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बाबा 58 वर्षांचे, दारव्ह्याकडे शेती करतात. पायाचा अंगठा वर्षातून दोन-तीनदा सुजतो, यूरिक ॲसिड 9.1 निघालं. डॉक्टरांनी गोळी कायम घ्यायला सांगितली आहे. बाजाराच्या गावात ॲक्युपंक्चर करणारे एक जण बसतात, ते म्हणतात दहा वेळा सुया घ्या आणि गोळी सोडा.

भाऊ, सुया घ्यायच्या असतील तर घेऊ द्या, पण गोळी सोडू देऊ नका. मी डॉक्टर नाही, दिग्रसकडचा कास्तकार आहे. हा रोग, म्हणजे गाऊट, माझ्या अंगात नऊ वर्षांपासून आहे आणि तुमचे बाबा आज ज्या वळणावर उभे आहेत तिथे मी चुकलेलो आहे.

पहिला झटका पोळ्याच्या करीला आला. दिवसभर मटण, वजडी, वरून मोहाची. रात्री दोनला अंगठ्यात असा ठणका उठला की विंचू चावला म्हणून टॉर्च लावून गादी झटकली. विंचू नव्हता. अंगठा लालभडक झाला होता आणि पंख्याचा वारासुद्धा सोसवत नव्हता. माय म्हणाली, "काऊन रे, काटा मोडला का पायात?" सकाळी गावातल्या डॉक्टरने एक सुई टोचली, कागदाच्या तीन पुड्या दिल्या. दोन दिवसांत मी वावरात. मग दर झटक्याला पुड्याच. अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये बरेचदा स्टेरॉइड आणि पेनकिलर कुटून घातलेलं असतं, हे मला क्रिएटिनिन (रक्तातली किडनीची तपासणी) 1.6 वर गेल्यावर कळलं. बाबांनी अशा पुड्या घेतल्या असतील तर मोठ्या डॉक्टरांपासून लपवू नका.

मग रीतसर गोळी सुरू झाली, आणि दोनच महिन्यांत पुन्हा झटका. गोळी बोगस आहे असं ठरवून मी ॲक्युपंक्चरकडे गेलो. पाचव्या बैठकीला अंगठा मोकळा! गोळ्या फेकल्या आणि गावातल्या दोघांना तिकडे घेऊनही गेलो. पुढच्या मे महिन्यात, 45 अंशांच्या उन्हात लग्नं करत फिरलो, पाणी कमी पडलं आणि घोटा व गुडघा एकदमच धरले. अकरा दिवस खाटेवर होतो. यूरिक ॲसिड 9.8.

गाऊटचा झटका काहीही केलं नाही तरी साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप उतरतो. त्या काळात जे काही केलं असेल, सुई, लेप, अंगारा, श्रेय त्याला मिळतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. सुया टोचणारा माणूस लबाड नव्हता, त्यालाही तसंच वाटत होतं.

आत काय चालतं ते मिठावरून समजा. पाण्यात मीठ घालत गेलं की एका टप्प्यानंतर ते विरघळत नाही, तळाशी बसतं. रक्तात यूरिक ॲसिडचा तो टप्पा 6.8 च्या आसपास आहे. त्याच्या वर गेलं की सुईसारखे बारीक खडे सांध्यात साचतात. पायाचा अंगठा शरीरात थंड असतो, म्हणून खडे आधी तिथे बसतात. ॲक्युपंक्चरची सुई दुखणं कमी करू शकेल, खडे विरघळवणार नाही. गाऊटवर सुयांचे जे अभ्यास झालेत ते बहुतेक चीनमधले आणि लहान आहेत. त्यांच्या भरवशावर गोळी सोडावी असं त्यात काही नाही.

कायम घ्यायची ती गोळी बहुतेक ॲलोप्युरिनॉल असते. ती शरीरात यूरिक ॲसिड तयार होणंच कमी करते. साधारण 100 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमीने सुरू करून, तपासणी करत डोस वाढवतात. आकडा 6 च्या खाली ठेवायचा, खड्यांच्या गाठी झाल्या असतील तर 5 च्या खाली. तिथे तो टिकला की जुने खडे हळूहळू विरतात, त्याला कित्येक महिने, कधी वर्षं लागतात. मी जिथे फसलो ते इथेच : आकडा उतरू लागला की साचलेले खडे हलतात आणि सुरुवातीच्या महिन्यांत झटके वाढू शकतात. म्हणून डॉक्टर सोबत तीन ते सहा महिने झटके आवरणारी कोल्चिसिनची गोळी थोड्या डोसमध्ये देतात. त्याने जुलाब झाले किंवा किडनी कमजोर असेल तर डोस विचारून घ्यावा. झटका आला म्हणून चालू गोळी बंद करायची नसते. मात्र अंगावर पुरळ आलं तर गोळी लगेच थांबवून डॉक्टरकडे जायचं, ती क्वचित जीवघेणी रिॲक्शन असू शकते. दुसरी गोळी फेब्युक्सोस्टॅट. हृदयाचा त्रास असेल तर ती सुरू करण्याआधी डॉक्टरला तसं सांगा.

एक गंमत सांगतो. ऐन झटक्यात रक्त तपासलं तर यूरिक ॲसिड कधी कधी नॉर्मल येतं आणि लोक म्हणतात गाऊट नाही. झटका उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. पण सांधा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सांध्यात पू झाला असेल तर थांबून चालत नाही.

खाण्याबद्दल आमच्याकडे निम्मं चुकीचं सांगतात. तुरीचं वरण बंद करा म्हणणारे दहा भेटले. डाळीने गाऊट वाढतो असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. मी वरण खातो. सोडली ती दारू, वजडी, कलेजी, खुराचं सूप आणि बाटलीतली गोड थंड पेयं. ताक पितो, उन्हाळ्यात वावरात पाण्याची मोठी कॅन नेतो. पण नुसत्या पथ्याने आकडा फार तर एकाने उतरतो. 9.1 वरून 6 च्या खाली पथ्य आणणार नाही.

आता सुयांची बाजू, कारण त्यांना मी शिव्या घालत नाही. माझ्या मायचे गुडघे झिजलेत. तिचा रोग वेगळा, साठीनंतरचा, कापूस वेचून आणि निंदून आलेला. ती ॲक्युपंक्चर घेते आणि तिला बरं वाटतं. जर्मनीत हजारेक गुडघेदुखीच्या रुग्णांवर मोठा प्रयोग झाला, 2006 साली छापून आला. सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांत 29 टक्क्यांना, ॲक्युपंक्चरमध्ये 53 टक्क्यांना फरक पडला. आणि मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर सुया टोचलेल्या 51 टक्क्यांनाही! म्हणजे फायदा दिसला, पण तो नेमका बिंदूंचा की निवांत पडून राहण्याचा आणि विश्वासाचा, हे कळत नाही. अमेरिकेतल्या सांधेतज्ज्ञांच्या संस्थेने 2019 मध्ये गुडघ्यासाठी अटी घालून होकार दिला, ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल शिफारसी करणाऱ्या नाइस या संस्थेने 2022 मध्ये नकार दिला. मायला हे सारं सांगितलं तर ती म्हणाली, "मले चालता येते ना, बस."

(आपल्या भागातल्या लोकांना हे आवडेल : 1938 साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरच्या कोटणीसांसोबत नागपूरचे डॉ. चोळकर होते. त्याच पथकातले डॉ. बसू पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून आले आणि कोलकात्यात ते सुरू केलं.)

सांधेदुखीचा तिसरा प्रकार आमवात, माझ्या वहिनीचा. हातांची बारीक बोटं दोन्हीकडून सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही. त्यात वेळ घालवला तर सांधे कायमचे वाकडे होतात, म्हणून मेथोट्रेक्सेट लवकर सुरू करतात. ती गोळी आठवड्यातून एकदाच असते. वहिनीने चिठ्ठी नीट न वाचता रोज घेतली, चार दिवसांत तोंड आलं. वेळीच थांबलो. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत, म्हणून आता डबीवर खडूने "सोमवार" लिहिलेलं असतं. गावात या तिन्हींना एकच नाव, वात. म्हणून एकाच्या गोळीने दुसऱ्याचं भलं होईल या आशेने गोळ्या उसन्या दिल्या जातात.

बाबांना सुया हव्याच असतील तर झटका उतरल्यावर घेऊ द्या. लाल सुजलेल्या सांध्यात टोचू देऊ नका. सुई नवी असावी, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं असावं, नाहीतर कावीळ घरी यायची. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि "गोळी सोडा" म्हणणाऱ्याला महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारून पाहा.

एक राहिलं. बाबांना बीपीची गोळी चालू आहे का? लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी यूरिक ॲसिड चढतं, आणि डॉक्टर ती बदलून देऊ शकतात. त्या गोळीची पट्टी, किडनीचा रिपोर्ट आणि झटक्यांच्या तारखा एका पिशवीत घालून डॉक्टरकडे न्या.