गिअर जड पडतो म्हणून लगेच इंजिन खोलू नये

आपली १२५ सीसीची मोटरसायकल पाच वर्षांची आहे आणि ती रोज कासारवडवलीहून ठाणे स्टेशनपर्यंत जाते. पावसाळा संपल्यापासून पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना पायाला जोर द्यावा लागतो, कापूरबावडीच्या सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, आणि गॅरेजमध्ये इंजिन खोलण्याचा सल्ला मिळाला आहे, असे आपण लिहिले आहे. माझी विनंती आहे की त्याला इतक्यात होकार देऊ नये. आपण सांगितलेली लक्षणे गिअरपेक्षा क्लचकडे बोट दाखवतात.

मोटरसायकलच्या गिअरचे दाते एकमेकांत कायम गुंतलेलेच असतात. पायाने आपण गिअर बाजूला सरकवतो, तेव्हा त्याच्या अंगावरचे खुंट शेजारच्या गिअरच्या खाचेत शिरतात किंवा बाहेर पडतात. क्लच दाबूनही तो पूर्ण सुटला नाही, म्हणजे इंजिन आणि गिअर यांचा संबंध पूर्ण तुटला नाही, तर इंजिनचा जोर त्या खुंटांवर राहतो आणि ते खाचेत आवळले जातात. उभ्या गाडीत न्यूट्रल न सापडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच असते.

याची खात्री घरच्या पार्किंगमध्ये करता येते. इंजिन बंद ठेवून गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, मागचे चाक टायरला धरून हाताने हळू फिरवावे (बोटे चेनपासून दूर ठेवावीत) आणि एकेक गिअर टाकून पाहावा. चाक न फिरवता गिअर पडला नाही तर घाबरू नये, कारण खुंट खाचेसमोर आलेले नसतात. चाक फिरवताना सगळे गिअर अलगद पडत असतील आणि इंजिन चालू असतानाच ते जड जात असतील, तर दोष क्लच न सुटण्याचा आहे. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकू पाहत असेल, तर शंका उरत नाही.

त्यानंतर केबलकडे वळावे, आणि येथे घाई करू नये. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिमी मोकळा प्ले (तार ताणली जाण्याआधीची सैल हालचाल) असावा; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. प्ले याहून जास्त असेल, तर आपण लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच अर्धवटच सुटतो. आपल्याकडे चार महिने गाडी पावसात भिजते, पाणी केबलच्या वरच्या टोकातून आवरणात उतरते आणि आतली तार गंजते. दोन्ही टोके सोडवून तार हाताने पुढेमागे ओढून पाहावी. ती खरखरत असेल किंवा टोकाशी एखादा जरी धागा तुटलेला दिसला, तर तेल घालत बसण्यापेक्षा केबल बदलणेच योग्य. माझ्या स्वतःच्या गाडीचे इंजिन काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये याच तक्रारीसाठी खोलले गेले, आणि शेवटी दोष लिव्हरजवळच्या उसवलेल्या तारेत निघाला. तो खर्च आणि गाडीविना गेलेले दिवस मला आजही खटकतात, म्हणूनच इतके सविस्तर लिहीत आहे.

केबल ठीक असेल, तर ऑइल पाहावे. या गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर यांना एकच ऑइल असते, त्यामुळे ते जुने झाले की गिअर बदलताना पायाला जाणवते. वंदना सिनेमाच्या बाजूला किंवा इतरत्र तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल आणि ऑइल दुधाळ दिसत असेल, तर ते त्याच दिवशी बदलावे. नवे ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच घ्यावे आणि डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए २’ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) असल्याची खात्री करावी. मोटारीचे ऑइल घालू नये, त्याने क्लच घसरू शकतो. गिअरच्या पेडलचा सांधा चिखलाने आखडला आहे का, पेडल वाकले आहे का आणि चेन सैल झाली आहे का, हेही एकदा पाहून घ्यावे.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर क्लच प्लेट तपासाव्यात. घोडबंदर रोडवरील कोंडीत अर्धा क्लच धरून गाडी सरकवण्याची सवय असेल, तर लोखंडी प्लेट तापून वाकतात आणि क्लचच्या घराला खाचा पडतात. अशा खाचांत प्लेट अडकल्या की क्लच सुटत नाही. आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांत हे काम फक्त बाजूचे क्लच कव्हर काढून होते, त्यासाठी इंजिनचे दोन भाग वेगळे करावे लागत नाहीत. म्हणून मेकॅनिक नेमके काय खोलणार आहे, हे आधी विचारावे आणि काढलेल्या प्लेट स्वतः पाहाव्यात.

इंजिन बंद असताना, चाक फिरवूनही गिअर जडच जात असेल आणि बाहेरचा सांधा मोकळा असेल, किंवा गाडी जोर घेत असताना गिअर आपोआप निसटत असेल, तर मात्र गिअर सरकवणारा आतला फोर्क किंवा खुंट झिजले असण्याची शक्यता आहे, आणि तेव्हा इंजिन खोलण्याला पर्याय नाही. चाक फिरवून केलेल्या चाचणीत काय आढळले ते कृपया येथे लिहावे. त्यावरून पुढचे सांगता येईल.