कॅनडातलं 'सर्कल' म्हणजे आपली जातपंचायतच का?

तुम्ही विचारलंय की कॅनडात मूळनिवासी लोक गोल (म्हणजे 'सर्कल') करून बसतात आणि शिक्षा ठरवतात, मग ही जातपंचायतच ना? लॉला असताना वर्गात मीपण हेच बोलले होते, सर म्हणाले आधी केस वाच मग बोल.

केस १९९२ ची, कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या मेयो गावची. २६ वर्षांचा पोरगा, पोलिसाला मारायला बेसबॉलची बॅट घेतलेली, आणि आधीचे ४३ गुन्हे सिद्ध झालेले. न्यायाधीश बॅरी स्टुअर्टनी कोर्टातल्या ३० खुर्च्याच गोल लावून घेतल्या. पोरगा घरच्यांसोबत, शेजारी त्याचा वकील, बाकी पोलीस, प्रोबेशनवाले, गावकरी यांनी जागा मिळेल तिथे बसायचं. सरकारी वकील जेल मागत होता, पण शेवटी ठरलं ते असं की आधी जंगलात सापळे लावायच्या जागी घरच्यांबरोबर राहायचं, मग दारू सोडवायच्या सेंटरला जायचं, आणि परत आला की ज्या घरात राहणार तिथे दारूचा थेंब नको. म्हणजे शिक्षा एकाला पण पथ्य सगळ्या घराला!

आता फरक. सर्कलमध्ये गुन्हा केला की नाही हे ठरवत नाहीत, तो आधी कबूल केलेला असतो किंवा कोर्टात सिद्ध झालेला असतो. शिक्षा कायद्यातच बसते, सही न्यायाधीशाची, अपील करता येतं. आपल्याकडे जातपंचायत दंड लावते, वाळीत टाकते आणि वर दाद मागायची सोयच नाही, म्हणून तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला.

आणि "सोपं सुटतात" म्हणणाऱ्यांनी कॅनडाच्याच मॅनिटोबा प्रांतातलं हॉलो वॉटर हे मूळनिवासींचं गाव बघावं. तिथे लैंगिक अत्याचाराच्या केसेस घ्यायचे. गुन्हेगाराने आधी हे काम बघणाऱ्या गावातल्या टीमसमोर, मग बायकापोरांसमोर, मग सगळ्या नातेवाईकांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगायचं की मी काय केलं, आणि हे वर्षानुवर्षं चालायचं. २००१ च्या अभ्यासात तिथल्या १०७ जणांपैकी फक्त दोघांनी परत गुन्हा केला असं निघालं.

या सगळ्याची गरज का पडली ते जेलमध्ये दिसतं. कॅनडात मूळनिवासी लोकसंख्येच्या ५ टक्के आणि फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या जेलमध्ये जवळजवळ एक तृतीयांश! १९९९ मध्ये ग्लॅड्यू केसमध्ये सुप्रीम कोर्टालाच सांगावं लागलं की यांना शिक्षा देताना मागची परिस्थिती बघा.

पण तुमची शंका अगदीच चुकीची पण नाही हं. छोट्या गावात सगळे एकमेकांचे काका-मामा, आरोपी जर वजनदार घरातला असेल तर गोलात बसलेली बाई मनातलं बोलेल का? तिथल्या मूळनिवासी बायकांच्या संघटनांनीच हा प्रश्न काढलाय. मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या केसमध्ये मला विचाराल तर मी आधी तिला एकटीला, बंद खोलीत, विचारेन की तुला या गोलात बसायचंय का.