हाका मोजा, मग गवंडी बोलवा

स्टुटगार्टहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. माहेर सोलापूरचं, विजापूर रोडला वीस-बावीस वर्षांपूर्वी बांधलेला बंगला. आई-बाबा दोघंही सत्तरीपुढचे, बाबा बँकेतून निवृत्त. बार्शीला एकटी राहणारी, शाळेतून निवृत्त झालेली आत्या आता कायमची यांच्याकडे येणार आहे. घरात तिला आत्तीच म्हणतात. लहानपणी पोलिओ झाला. एका पायात कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा धातूच्या पट्ट्यांचा साचा, आणि काखेत कुबडी घेऊन तिने सगळी नोकरी केली. गेल्या दोन वर्षांत मात्र खांदे दुखायला लागले, चांगला पायही साथ देईना, आणि डॉक्टरांनी चाकाची खुर्ची सांगितली. ताईंनी तिकडे बसून यादी केलीय: रॅम्प, कमोड, भिंतीला दांड्या, मोटरवर वरखाली होणारा पलंग, जर्मन व्हीलचेअर. दारातला उंबरा कापायचाय म्हटल्यावर आई फोनवर गप्प झाली, असंही लिहिलंय. शेवटी विचारलंय, ‘आत्तीला सरप्राइज द्यायचंय. डिसेंबरात तीन आठवडे सुट्टी आहे. संक्रांतीच्या आत सगळं होईल ना?’

ताई, यादीत चूक काढावी असं फारसं काही नाही. पण चार पानी पत्रात आत्ती स्वतः काय म्हणते त्याची एक ओळही नाही. तेव्हा सरप्राइज आधी रद्द करा. पलंगावर टाकायची नवी चादर सरप्राइज म्हणून चालते. जो संडास उरलेलं आयुष्य रोज वापरायचाय, तो कसा असावा हे ज्याचं त्यालाच विचारायला हवं.

आणि विचारताना ‘तुला काय काय लागेल?’ असं विचारू नका. त्या पिढीतली बाई ‘मला काही नको गं, तुम्ही त्रास घेऊ नका’ असंच म्हणणार. त्यापेक्षा सकाळी उठल्यापासून रात्री दिवा घालवेपर्यंत ती काय काय करते ते ऐकून घ्या. पाणी कुठून घेते, आंघोळ कशी करते, भाकरी कुठे बसून थापते. पोलिओ झालेली आपल्याकडची कितीतरी माणसं कुबडी-कॅलिपर उंबऱ्याबाहेरच वापरतात. घरात आली की कॅलिपर काढून हातांवर रेटत जमिनीवरून सफाईने फिरतात. आत्ती तशी असेल तर तुमची सगळी यादी खुर्चीच्या उंचीची आणि ती अर्धा दिवस जमिनीवर, असं व्हायचं. मग तिला पलंगाच्या मोटरपेक्षा नऊ-दहा इंच उंचीचा भक्कम चौरंग जास्त कामाचा. जमिनीवरून चौरंगावर, चौरंगावरून खुर्चीवर, अशा दोन टप्प्यांत चढता येतं आणि खांद्यावर एकदम सगळा भार येत नाही.

खांद्यांचं थोडं सांगते, कारण आखणी त्यावरून ठरते. पोलिओ होऊन गेल्यावर तीस-चाळीस वर्षांनी, इतकी वर्षं जादा राबलेले स्नायूही दमायला लागतात. डॉक्टर त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. अशा माणसाला ‘जरा नेटाने व्यायाम कर, ताकद येईल’ म्हणून ताणलं तर उलट नुकसान होऊ शकतं. किती आणि कसा करायचा ते फिजिओलाच ठरवू द्या. घराचं काम एवढंच की तिची आहे ती ताकद चढण्यात आणि ओढण्यात खर्च होऊ नये.

माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा आम्हीही दुकानातून सुरुवात केली होती. पंधरा दिवसांत घर सामानाने भरलं, आणि तरी ते दिवसभर हाका मारत होते. शेवटी नणंदबाईंनी एक दिवस वहीत रेघोट्या ओढल्या. सकाळपासून रात्रीपर्यंत सव्वीस हाका. त्यातल्या नऊ पंख्या-दिव्यासाठी, पाच तांब्याभर पाण्यासाठी, चार संडासाला जायच्या. म्हणजे सगळ्यात मोठं काम सुताराचं नव्हतं, वायरमनचं होतं! उशापाशी टू-वे स्विच, म्हणजे तोच दिवा-पंखा दोन जागांवरून चालवणारे, बसवले आणि एका दिवसात नऊ हाका कमी झाल्या. तेव्हापासून मला कुणी विचारलं की मी हेच सांगते, आधी हाका मोजा. माणसाला दुसऱ्याची वाट बघत बसायला लावते ती प्रत्येक गोष्ट कामाच्या यादीत वर घ्या.

आता रॅम्प. तुमच्या पाच पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, म्हणजे जोतं तीस इंच. हिशेब एकास बारा धरायचा: एक इंच चढायला बारा इंच लांबी. तीस इंचांना तीस फूट. गवंडी म्हणेल, ‘ओ ताई, एवढा लांब कशाला, आठ फुटात बसवतो की!’ आठ फुटात बसते ती घसरगुंडी. एकास बारावरसुद्धा खुर्ची ढकलताना पंचाहत्तरीच्या बाबांना धाप लागेल, त्यामुळे जागा असेल तर एकास पंधरा करा. फाटकापासून दारापर्यंत चौदाच फूट आहेत असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा रॅम्प सरळ येणार नाही. स्वयंपाकघराच्या बाजूच्या बोळातून वर चढवून कोपऱ्यावर वळवावा लागेल. वळणावर आणि वर दारापुढे पाच बाय पाच फुटांची सपाट जागा हवीच, नाहीतर दार उघडेपर्यंत खुर्ची मागे घरंगळत राहणार. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा, आणि कडेला चार बोटं उंच कट्टा म्हणजे चाक खाली उतरणार नाही.

बोळात हौद आहे का ते बाबांना आजच विचारा. आपल्या सोलापुरात नळाला पाणी रोज येईलच असं नाही, काही दिवस धीर धरावा लागतो. त्यामुळे हौदाशिवाय बंगला नाही, आणि हौदाचं झाकण नेमकं रॅम्प जिथून काढायचा तिथेच असतं. झाकणावरून रॅम्प नेला तर हौद धुणार कसा, मोटर काढणार कशी? एक तर झाकण सरकवून घ्या, नाहीतर रॅम्पच पलीकडून न्या.

जमिनीचंही तसंच. खाली काळी माती असेल तर पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वरवर भराव टाकून केलेला रॅम्प दोन वर्षांत जोत्यापासून सुटतो आणि नेमका दारात दोन इंचांचा खड्डा पडतो. काळी माती काढून मुरमाचा थर टाका, पाणी मारून धुम्मस करून घ्या, मगच काँक्रीट. वर गुळगुळीत ग्रॅनाइट नको. आम्ही हौसेने तेच घातलं होतं. पहिल्याच वळवाच्या सरीत आमच्या कामाच्या मावशी सासऱ्यांच्या खुर्चीसकट खाली आल्या. सासऱ्यांना काही लागलं नाही, मावशींचं मनगट मात्र महिनाभर प्लास्टरमध्ये होतं. खरबरीत शहाबादी किंवा आडव्या रेघा मारलेलं सिमेंट घ्या. कठड्याला स्टीलचा पाइप घालणार असाल तर वर पत्रा किंवा वेल हवाच. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी त्या पाइपला हात लावून बघा!

उंबऱ्यावरून आई गप्प झाली, ते साहजिक आहे. तुमच्या लेखी ते तीन इंच लाकूड. तिने त्याच्यावर वीस वर्षं हळदीकुंकू वाहिलंय. तो कापावा तर लागेलच, खुर्चीच्या पुढच्या लहान चाकांना अर्धा इंच, म्हणजे चार सूत, एवढाच अडथळा कसाबसा झेपतो. पण कापायच्या आधी सुताराला चौकट भिंतीत पक्की आहे ना ते बघायला सांगा, आणि उंबऱ्याच्या जागी फरशीच्या पातळीत काळ्या दगडाची पट्टी बसवा. उंबरा आहे, फक्त खाली गेलाय. आमच्याकडे चाकांनी रांगोळी फिसकटायला लागली तेव्हा सासूबाई ती दोन कोपऱ्यांत काढायला लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ संडास-बाथरूमवर घाला. तुमच्या घरात दोन्ही वेगळी, मध्ये अर्ध्या विटेची भिंत. ती पाडून एकच खोली करता येईल का ते इंजिनिअरला विचारा. मध्ये पाच फूट व्यासाचं वर्तुळ मोकळं राहिलं तरच खुर्ची वळते. दार बत्तीस इंच तरी मोकळं मिळायला हवं, छत्तीस मिळालं तर उत्तम. ते बाहेर उघडणारं किंवा सरकतं असू द्या. आत पडलेल्या माणसाच्या अंगावरच दार अडकलं, तर बाहेरचा उघडणार कसा? कमोडची बैठक खुर्चीच्या बैठकीएवढी उंच हवी, साधारण अठरा-एकोणीस इंच, म्हणजे अंग उचलावं लागत नाही, सरकता येतं. पाणी बाहेर येऊ नये म्हणून असलेला कट्टा काढा आणि दारालगत जाळीची लांब नाली करा. धरायच्या दांड्या विटेच्या पक्क्या भिंतीत फास्टनर ठोकून बसवा. टॉवेलची दांडी आणि धरायची दांडी दिसायला सारखीच असते, म्हणून आम्ही एक साधी परीक्षा ठेवली होती: बसवणाऱ्यानेच आधी दोन्ही हातांनी लटकून दाखवायचं.

इथे पुन्हा पाणी आडवं येतं. बाथरूम झालं, वर्तुळ मोकळं राहिलं, आणि पुढच्या पाण्याच्या दिवशी आई तिथे भरलेलं बॅरल आणून ठेवणार. तिचीही चूक नाही, नळ कधी कोरडा पडेल याचा भरवसा तिला नाही. तेव्हा गच्चीवर वेगळी टाकी घ्या आणि तिचं पाणी फक्त या बाथरूमला द्या. बॅरलची जागा नकाशातच बाहेर दाखवा. पाण्याच्या दिवशी बोळात आडवा पडलेला पाइपसुद्धा चाकाला उंबऱ्यासारखाच नडतो.

बाकीचं थोडक्यात. स्विच साडेतीन फुटांच्या आत, प्लग दीड-दोन फुटांवर. बेसिनखाली गुडघे जातील एवढी जागा, आरसा खाली झुकलेला. रात्रीसाठी उशाला रिमोटची बेल. खुर्ची जर्मनीहून आणू नका. आत्तीला बसवून, तिच्या मापाची इथेच घ्या, मागच्या चाकांना हवेचे टायर असलेली, म्हणजे पंक्चर कोपऱ्यावरचा सायकलवाला काढून देईल. दिव्यांगत्वाचं जुनं प्रमाणपत्र असेल तर त्यावरून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, काढून घ्या. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्याप्रमाणे बहुतेक सवलतींना किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट आहे, आणि पुढे कुठेही गेलात तरी ते कार्डच मागतात.

पत्रात नसलेली एक गोष्ट मला टोचतेय. आत्ती आणि आई नणंद-भावजय आहेत. आजवर आत्ती दिवाळीला चार दिवस यायची, पाहुणी म्हणून. आता ती रोज असणार, आणि चहासाठी रोज वहिनीला हाक मारावी लागली तर महिनाभरात दोघी कुढायला लागतील. तिच्या खोलीत तीस इंच उंचीचा छोटा ओटा करा, त्यावर इंडक्शनची शेगडी, हाताला येईल असा फळीवर चहा-साखरेचा डबा आणि तिच्या स्वतःच्या शेंगाचटणीची बरणी. पुढच्या दाराची एक किल्ली तिच्याकडे. एखाद्या सकाळी तिने वहिनीला चहा करून दिला, तर घरातलं वारं आणखीच बदलेल. आणि आईला एक गोष्ट तुम्ही स्वतः, फोनवर नाही, समोर बसून सांगा: उचलायचं काम तिचं नाही. त्यासाठी दिवसाच्या मावशींचा पगार तुमच्याकडून, हे आधीच ठरवून टाका.

तीन आठवडे पुरणार नाहीत. सिमेंटला पाणी मारायलाच दहा-पंधरा दिवस जातात, आणि आत्ती आल्यावर तोडफोड काढली तर ती सिमेंटच्या धुळीत बसणार. तोडफोड दिवाळी झाली की सुरू करायला लावा, तुमची सुट्टी झालेल्या कामाच्या परीक्षेसाठी ठेवा. त्याआधी, या रविवारी, बाबांना एक खुर्ची भाड्याने आणायला सांगा. व्हिडिओ कॉल लावा, बाबांनी खुर्चीत बसायचं, शेजारच्या मुलाने ढकलायचं, आणि खडूने पाच फुटांची वर्तुळं काढत फाटकापासून संडासापर्यंत जायचं. कुठे अडतं ते तुम्हाला स्टुटगार्टमध्ये बसून दिसेल. मग आत्तीलाच दोन रात्री राहायला बोलवा, बार्शी काही लांब नाही. स्विच कुठे, दांडी कुठे, फळी किती उंच, हे तिलाच भिंतीवर खडूने मारू दे, शिक्षिका आहे ती. त्या दोन दिवसांतल्या हाका मोजायचं काम मात्र बाबांकडे द्या. बँकेतला माणूस, एकही सुटणार नाही.