'परिचारिका (पुरुष)' म्हणजे कोण?

प्रश्न असा आला आहे: 'धाकटा भाऊ बीएस्सी नर्सिंग करून सरकारी रुग्णालयात लागला. कागदावर पदनाम आहे, अधिपरिचारिका (पुरुष). घरात हसून हसून पुरेवाट झाली, पण त्याला ते लागलं. मराठीत पुरुष नर्सला शब्दच नाही का?'

आहे की, आणि चांगला जुना आहे. 'परिचारिका' हेच मुळात 'परिचारक'चं स्त्रीलिंगी रूप, लेखक-लेखिका, गायक-गायिका या चालीवरचं. आणखी मागे जायचं तर चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितलेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रोग्याजवळ थांबून त्याचं सगळं करणारा. शब्द पुल्लिंगी. पुढे त्याचे गुण सांगताना चरक 'परिचर' म्हणतो. सेवेचं ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी जिव्हाळा आणि स्वच्छता हे ते चार गुण. आजच्या नर्सिंग कॉलेजच्या भिंतीवर लावले तरी चालतील.

मग घोडं अडलं कुठे? माझ्या मते शब्द नव्हता म्हणून नाही, तो दुसऱ्याने बळकावला म्हणून. जिल्हा परिषदेत 'परिचर' म्हणजे शिपाई. साहेबांच्या दाराशी बसणारा, फायली नेणारा. चार वर्षांची पदवी घेऊन, कौन्सिलची नोंदणी करून आलेल्या मुलाला 'परिचारक' म्हटलं की कानाला तो शिपायाचा भाऊच वाटतो. 'परिचारिका'च्या वाट्याला हे आलं नाही. तो शब्द पांढऱ्या कपड्यांसकट पक्का झाला होता.

वॉर्डात याचाच दुसरा अवतार दिसतो. आयाबाई मावशी, वॉर्डबॉय मामा, नर्स सिस्टर, ही नाती सगळ्यांना पाठ. त्यात पुरुष नर्स आला की नातेवाईक गडबडतात. 'ओ मामा, सलाईन संपत आलंय बघा' असं म्हणणाऱ्या आजीच पाच मिनिटांनी, त्याने सुई नीट बसवून दिली की, त्याला 'डॉक्टरसाहेब' करतात. मधली जागाच नाही! सरावलेले पेशंट मात्र 'ब्रदर' म्हणतात. सिस्टर ख्रिस्ती जोगिणींच्या (नन) सेवेतून आलं, ब्रदर तिच्या जोडीला उभं राहिलं. बोलायला ते उत्तमच आहे, 'ब्रदरना बोलवा' यात आदरही आहे. पदनाम म्हणून ते चालायचं नाही, एवढंच.

लष्करात तर उलटीच गंमत. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचे अधिकारी म्हणजे फक्त स्त्रिया, आणि साताऱ्या-कोल्हापुरातली पोरं भरतीला धावतात ती 'नर्सिंग असिस्टंट' व्हायला. एएनएमचा, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविकेचा, अभ्यासक्रमही मुलींपुरताच. पण गावात आरोग्य सेविका आणि आरोग्य सेवक ही जोडी कितीतरी वर्षं नांदतेय, भरतीच्या कागदावर तिथेही 'आरोग्य सेवक (पुरुष)' असा कंस येतो, पण बोलताना तो कुणाला लागत नाही.

शिक्षक दिनात बाई आपोआप येतात. 12 मेच्या परिचारिका दिनात मात्र ब्रदरना कंसातून यावं लागतं. स्त्रीलिंगी शब्दाने दोघांना कवेत घेण्याचं हे मराठीतलं विरळा उदाहरण, म्हणून मला त्याचं थोडं कौतुकही आहे. कुणी पुरुष कुरकुरला तर बायकांनी 'अध्यक्ष महोदय' किती वर्षं ऐकून घेतलं ते आठवावं.

केंद्राने 2016 मध्ये स्टाफ नर्सचं, म्हणजे आपल्या अधिपरिचारिकेचं, 'नर्सिंग ऑफिसर' केलं आणि लिंगाचा प्रश्नच मिटवला. मराठीत त्याला 'परिचर्या अधिकारी' सरळ बसतं, दिवसालाही 'परिचर्या दिन' म्हणता येईल. जुनंच पदनाम ठेवायचं तर 'अधिपरिचारक' लिहावं. 'अधि' लागल्यामुळे शिपायाची सावली पडत नाही. आणि बोलताना 'नर्स आला' बिनदिक्कत म्हणा. डॉक्टर आला, डॉक्टर आली, हे आपण कधीच पचवलंय.