रंगीत झेरॉक्सवर सारख्या अंतराने ठिपके

प्रश्न : ऑफिसातल्या रंगीत कॉपियरवर प्रत्येक पानावर निळसर ठिपके उमटतात, दोन ठिपक्यांतलं अंतर कायम सारखंच. मेकॅनिक म्हणतो, चारही ड्रम (एकेका रंगाची प्रतिमा ज्यावर तयार होते ते दंडगोल) बदला. गरज आहे का?

उत्तर : आधी पट्टी घ्या आणि पानाच्या लांबीच्या दिशेने दोन ठिपक्यांतलं अंतर मोजा. सारख्या अंतराने उमटणारा डाग फिरणाऱ्या भागाचाच असतो आणि ते अंतर म्हणजे त्या भागाचा परीघ. ३० मिमी व्यासाचा ड्रम असेल तर सुमारे ९४ मिमी. तुमच्या ड्रमचा व्यास सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सापडेल.

मग निळा, किरमिजी, पिवळा, काळा असं एकेका रंगाचं भरीव पान छापा. ठिपका फक्त निळ्यात आणि अंतरही जुळलं, तर एकच ड्रम युनिट बदला. चारही बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. सगळ्या रंगांत एकाच जागी डाग दिसला तर संशय फ्युजरवर (टोनर उष्णतेने कागदावर पक्का करणारा भाग) किंवा ट्रान्सफर बेल्टवर (चारही रंग कागदापर्यंत नेणारा पट्टा). फ्युजर उघडायचा तर मशीन बंद करून अर्धा-पाऊण तास निवू द्या, हात भाजतो.

नवा ड्रम काळ्या पिशवीतून बसवायच्या वेळीच काढा. उजेडाने तो खराब होतो. चकचकीत पृष्ठभागाला बोट लावू नका, ठसा छपाईत उतरतो. नव्या युनिटवरची सील पट्टी सरळ, सावकाश ओढून काढा. शेवटी कॅलिब्रेशन (मशीनची रंगजुळणी) चालवा, नाहीतर रंगांचा तोल बिघडलेला राहतो आणि दोष नव्या ड्रमच्या माथी जातो.