सेहेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या फीसाठी ठेव मोडावी का?

भुसावळच्या एका ताईंचं पत्र आहे. वय ४६, मानसशास्त्राच्या एम.ए.चं शेवटचं वर्ष. मिस्टर रेल्वेत, निवृत्तीला सहा वर्षं; मुलगी अकरावीत. माहेरच्या केळीच्या शेताच्या वाटणीचे नऊ लाख ताईंच्या नावावर आहेत: पाच लाख राष्ट्रीयीकृत बँकेत, चार लाख पतसंस्थेत. पुण्यात दोन वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजीचं, म्हणजे मानसिक त्रासावर उपचार करण्याचं, प्रशिक्षण घ्यायचं तर फी, राहणं-खाणं धरून सहा लाख लागतील. त्या विचारतात, एफडी मोडू की दागिने गहाण ठेवू?

ताई, दागिने कपाटातच राहू द्या. दोन वर्षं तुमच्या हातात कमाई नसणार आणि गोल्ड लोनचं व्याज पहिल्या दिवसापासून चढणार.

आता ठेवींचं. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. व्याज एक-दीड टक्का जास्त मिळतं म्हणून आपल्याकडे माणसं पतसंस्थेत पैसे ठेवतात. मुदत संपूनही चकरा मारणारी म्हातारी माणसं मी जळगावात पाहिली आहेत. तुमची पतसंस्था आज चांगली चालली असेल, तरी शिक्षणावर आधी खर्च करायचे ते हेच चार लाख. मुदत ऑगस्टमध्ये संपते, म्हणजे मोडायचीही गरज नाही. बँकेतले पाच लाख मात्र हलवू नका. तुमचं प्रशिक्षण संपेल त्याच सुमाराला मुलीच्या कॉलेजची फी सुरू होईल.

राहिले दोन लाख. चोवीस महिन्यांत विभागले तर महिन्याला साधारण ८,३०० रुपये. हे मिस्टरांच्या पगारातून निघतात का, ते दोघांनी बसून ठरवा. नाहीच निघाले तर दुसऱ्या वर्षासाठी मिस्टरांनी शैक्षणिक कर्ज काढावं. पत्नीच्या उच्च शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत वजावट मिळते.

पण पैसे भरण्याआधी एक गोष्ट. नुसत्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. पुण्याच्या त्या संस्थेचं नाव परिषदेच्या यादीत स्वतः शोधा, माहितीपत्रकावर विसंबू नका. नाव नसेल तर सहा लाख अजिबात देऊ नका. प्रवेश मिळाला नाही तरी वाट बंद होत नाही. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत शाळेत समुपदेशक असावा अशी अट आहे आणि अशा शाळा भुसावळ-जळगावात आहेत. तिथे एखादं वर्ष काढून पुन्हा प्रयत्न करा.

पैसे कधी परत येतील? जळगावात समुपदेशनाच्या एका सत्राचे ५०० ते ८०० घेतात असं तुम्ही लिहिलंय. आपण ६०० धरू. आठवड्याला दहा सत्रं, वर्षाचे ४५ आठवडे, म्हणजे २ लाख ७० हजार. खोलीचं भाडं आणि ज्येष्ठांचं मार्गदर्शन यांचे ९० हजार वजा केले की उरतात १ लाख ८० हजार. सहा लाख भरून यायला तीन वर्षं चार महिने आणि जम बसेपर्यंतचं एक वर्ष वेगळं. केळीची नवी लागवड आणि पिलबाग (पहिल्या पिकानंतर त्याच झाडांच्या पिलांवर घेतलेलं पुढचं पीक) यांच्या खर्चातला फरक तुम्ही माहेरी पाहिलाय, पहिलं वर्ष जड जातंच. बावन्न-त्रेपन्नाव्या वर्षी तुम्ही मोकळ्या व्हाल आणि तेव्हाच घरात पगाराऐवजी पेन्शन सुरू झालेली असेल. त्या वेळी तुमची कमाई घराला खरा आधार देईल. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: यादीत नाव सापडलं आणि प्रवेश मिळाला, तर जा. ‘या वयात कशाला’ म्हणणाऱ्या सासरच्यांना हा हिशोब दाखवा.

तुम्ही पाठवलेल्या वहीच्या पानावर शेवटी पेन्सिलीने ‘माझी पुस्तकं ३,२००’ लिहून खोडलंय. ते पेनाने पुन्हा लिहा, मी ते सहा लाखांत धरलंय. आणि जुलैच्या मध्यालाच पतसंस्थेत लेखी अर्ज द्या, की ठेवीचं नूतनीकरण नको, रक्कम बँक खात्यात जमा करावी. अर्जाची शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.